भिंतीवरचा भाऊ

भिंती पाहत फिरणं हा माझा पगारी धंदा आहे. नेमकं काय करता असं कोणी विचारलं की मी समाजशास्त्र शिकवते एवढं सांगून मोकळी होते, कारण पुढचं सांगायला लागलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो. सार्वजनिक ठिकाणची चित्रं, त्यांत दिसणारा देश, आणि त्या देशात कोणाला कुठे उभं केलंय, असा माझा विषय आहे. वाशिम जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती, शाळा, दवाखाने, बसथांबे, पाण्याच्या टाक्या, जिथे म्हणून सरकारी रंग लागतो तिथे मी कॅमेरा घेऊन गेले आहे. कुत्री अंगावर आली आहेत, आणि लोकांनी मला अतिक्रमण मोजणारी बाई समजून चहाही पाजला आहे.

काही वर्षं हे केलं की भिंत दिसायच्या आधीच तिच्यावर काय असणार ते कळायला लागतं. चौकातल्या भिंतीवर नकाशा, तिरंगा आणि बंदूक घेतलेला जवान. त्या जवानाचा चेहरा कोणाचाच नसतो. गोरा, सरळ नाकाचा, बारीक मिशीचा, मंगरूळपीरपासून धनजपर्यंत एकच. गावाच्या कडेला वस्तीकडे वळलं की देश संपतो आणि संडास सुरू होतो. हात धुवा, दारू सोडा, उघड्यावर बसू नका. चौकाला देश आणि वस्तीला उपदेश, असं मी एका परिषदेत म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मला ते कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर साबण लावलेल्या हातांचं चित्र आहे, आणि त्याच्याखाली बसून मी एम.ए.चा अभ्यास केला आहे.

आमचं गाव मंगरूळपीरहून इंझोरीकडे जाणाऱ्या बसच्या वाटेवर आहे. आजोबांच्या पिढीत वस्तीने दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात बुद्धाची तसबीर आहे. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आईने मजुरी करून आम्हा दोघांना वाढवलं. मी मोठी, आणि माझ्यापाठचा भाऊ. मी नोकरीला लागून वाशिमला राहायला गेले आणि तो सैन्यात गेला. आईने थोडी जमीन घेतली, तिच्यात ती तूर आणि हरभरा लावते. आमच्या घराची गोष्ट सांगायची तर एवढ्यात संपते, किंवा संपली असती.

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गावात पाण्याच्या टाकीचा फोटो काढत होते. टाकीवर एक मुलगी पेन्सिलीवर बसून आकाशात उडताना दाखवली होती. मी फोन ऐकला, बरं म्हणाले, आणि फोटो पुन्हा काढला, कारण आधीच्यात टाकीची उजवी बाजू कापली गेली होती. मग गाडीत बसून गावाकडे निघाले. वाटेत मला भूक लागली आणि मी केळी घेऊन खाल्ली. हे मी कोणाला सांगितलं तर त्यांना मी दगड वाटेन. वाटलं तर वाटो, तेव्हा मला खरंच काही वाटत नव्हतं, आणि पुढेही बराच काळ वाटलं नाही.

आम्हाला कळवलं ते असं. डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी वळणावरून दरीत गेली. ड्यूटीवर होता. जागीच गेला. जागीच म्हणजे लगेच, काही कळायच्या आत. मी तो शब्द धरून ठेवला. जो भेटायला येईल त्याला मी सांगायचे, जागीच गेला, आणि तो माणूस म्हणायचा, तेवढं तरी बरं झालं.

तिरंग्यात गुंडाळून त्याला आणलं तेव्हा अख्खं गाव वस्तीत आलं. आमची गल्ली कुठे वळते हे गावातल्या पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सलामी झाली, घोषणा झाल्या, भंतेजींनी वंदना म्हटली. कोण आमच्या घरचं पाणी प्यायलं आणि कोण आत्ताच पिऊन आलो म्हणालं, ते मी पाहत होते. मुद्दाम नाही, डोळ्यांना ती सवयच लागली आहे. त्याच्यासोबत त्याच्या पलटणीतला एक जवान आला होता, अकोल्याकडचा. त्याच्या हाताला प्लॅस्टर होतं. आईने त्याला मागच्या अंगणात बसवून स्वतः जेवायला वाढलं आणि बराच वेळ त्याच्याजवळ बसली. मी पुढच्या दारात तहसीलमधून आलेल्या माणसांना चहा देत होते.

नंतर स्मारकाची बैठक झाली. सरपंचांनी आम्हाला पंचायतीत बोलावलं. सरपंच तसे गोड माणूस. आईला त्यांनी आयुष्यभर एकेरी नावाने हाक मारली होती, त्या दिवशी मात्र ते "तुमी" म्हणाले.

"स्मारक तं झालंच पाह्यजे, त्याच्यात दोन मतं नाई," ते म्हणाले. "तुमच्या विहारापाशी जागा मोकळी हाय. तठी लय चांगलं दिसन. सिमेंट आमी देतो."

आई म्हणाली, "तो वस्तीसाठी गेलता का?"

सरपंचांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"तसं नाई म्हनलं मी," सरपंच म्हणाले. "तुमाले जवळ पडन, म्हून म्हनलं."

"मले चालता येते. चौकात पाह्यजे."

मग चौकात बस फिरवायला जागा पुरत नाही असं निघालं. बस फिरवायची जागा हे कारण मी इतक्या गावांत ऐकलं आहे की माझ्या कामात त्याचा वेगळा रकाना आहे. वस्तीतल्या माणसाचा पुतळा चौकात यायचा म्हटलं की बसला अचानक जास्त जागा लागते. मी तिथे बसून हे मनातल्या मनात त्या रकान्यात टाकलं. पुतळा माझ्या भावाचा होता, तरी हात तिकडेच गेला.

शेवटी कोणीतरी तोड काढली. पुतळा नको, पंचायतीची भिंत आहे ना, तिच्यावर चित्र काढू. ती भिंत बसथांब्यासमोरच आहे, चौकातच म्हणायची. आईने विचार केला आणि हो म्हणाली. भिंत दरवर्षी नव्या योजनेच्या चित्रासाठी पांढरी होते हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं, तिला काही फक्त शेतातलंच कळतं असं नाही. पण गावाने काही देऊ केलं की तेवढं पदरात पाडून घ्यायचं आणि बाकीचं नंतर भांडायचं, अशी तिची रीत आहे.

पेंटर मंगरूळपीरचा होता. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, देवळातले देव, दर्ग्याच्या कमानीवरची वेलबुट्टी, सगळं तोच करतो. गमत्या माणूस, एक शिडी आणि दोन डबे घेऊन बसने यायचा आणि ड्रायव्हरशी भांडून शिडी टपावर चढवायचा. पंधरा ऑगस्टला चित्र तयार पाहिजे होतं, म्हणून त्याने घाईने काम धरलं. मोबाइलवर भावाचा फोटो घेऊन त्याने भिंतीवर चौकटी आखल्या आणि चेहरा उतरवला. चांगला उतरवला, हे मान्य करायला हवं. फक्त गोरा केला.

आई शेतातून परत येताना पाहायला थांबली. मीही होते.

"इतका गोरा त्याच्या बापाच्या खानदानीत कोणी नाई," ती म्हणाली. "माहा पोरगा काळा व्हता. काळा करा."

पेंटर हसला. "मावशी, लोकं गोरा कराले सांगतेत, तुमी काळा कराले सांगता." पण केला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खरंच माझा भाऊ आला. डावी भुवई थोडी वर, हसू दाबल्यासारखं तोंड. मी त्याचा फोटो काढला, भिंतीची उंची कळावी म्हणून बाजूला पेंटरला उभं करून.

चौदा तारखेला दुपारी आम्ही गेलो तर कपाळावर लाल टिळा होता. ठसठशीत, वर टोक निघालेला.

"हे पुसा," आई म्हणाली.

"मावशी, मी आजवर जेवढे शहीद काढले, सगळ्याईले टिळा लावला. टिळ्याशिवाय शहीद वाटतच नाई माणूस."

"आमच्यात लावत नाई. तो तं कधीच लावत नव्हता."

बसची वाट पाहणारे लोक जवळ सरकले. एक जण समजुतीने म्हणाला, "अवो, टिळा म्हंजे मान असते."

"मान द्या न मंग. त्याले टिळा कायले पाह्यजे?"

ती ओरडून बोलत नव्हती. तिला फक्त तो जसा होता तसा पाहिजे होता. काळा तर काळा, आणि कपाळ रिकामं तर रिकामं. आजवर चौकात वस्तीतल्या बायकांना नुसतं उभं राहायला कारण लागायचं, बस तरी पकडायची असायची नाही तर दळण तरी न्यायचं असायचं. आता तिला तिथे उभं राहायला तिच्या पोराचा चेहरा मिळणार होता, आणि तो दुसऱ्या कोणाचा झालेला तिला चालणार नव्हता.

पेंटरने मान हलवली आणि ब्रश कातडीच्या रंगात बुडवला. टिळा पाट्यांच्या चकचकीत ऑइलपेंटचा होता आणि अजून ओला होता. खरवडून काढायला, वाळू द्यायला वेळ नव्हता, सकाळी झेंडा होता. त्याने वरून रंग ओढला. लाल रंग नीट वाळल्याशिवाय, मध्ये अस्तर दिल्याशिवाय झाकला तर आज ना उद्या वर येतो, हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही हसत. त्या दुपारी तो म्हणाला, "वाळलं का एकजीव होईन," आणि शिडी घेऊन बस पकडली.

पंधरा ऑगस्टला सगळं व्यवस्थित झालं. आई रोज संध्याकाळी चौकात जायला लागली. भिंतीसमोर उभी राहायची, कोणी विचारलं तर बोलायची, नाही तर यायची परत. मी शनिवारी-रविवारी गावी जायचे आणि तिच्यासोबत उभी राहायचे. भावाकडे पाहून मला काही वाटेल असं वाटायचं. मला रंगाचा पोत दिसायचा, प्लॅस्टरमधली चीर दिसायची, खाली कोणी पान थुंकलं आहे का ते दिसायचं. एकदा आई म्हणाली, "तू तं त्याले तपासून राह्यली," आणि ते खरं होतं.

दिवाळीच्या सुमाराला लाल वर आला. आधी गुलाबी झाक, मग कपाळाच्या मधोमध एक काळपट लाल गोळा, कडा विरलेल्या, आणि त्यातून खाली नाकाकडे उतरलेला एक ओघळ. टिळा म्हणावा तर आता तो टिळा राहिला नव्हता.

गोळीची गोष्ट नेमकी कोणी सुरू केली ते मी शोधायचा प्रयत्न केला आहे, धंदाच तो आहे. शाळेतल्या भाषणाच्या स्पर्धेत एका मुलीने "शत्रूची गोळी कपाळावर झेलणारे आपल्या गावचे वीर" असं म्हटलं, हे नक्की. पण तिने ते घरून ऐकलं होतं, आणि घरच्यांनी बसथांब्यावर. चहाच्या टपरीवर तर कोणत्या बाजूने गोळी आली तेही लोक सांगत होते. बसमधले प्रवासी खिडकीतून हात जोडायला लागले. मंगरूळपीरहून पोरं मोटरसायकलवर येऊन भिंतीसमोर फोटो काढायची. आमच्या वस्तीतही तेच. ज्या शेजारणीने माझ्याबरोबर त्याचं प्रेत पाहिलं होतं, ती मला सांगत होती, "कपाळात लागली न वं बाई, मांगून निंगाली."

सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. अपघात होता, गाडी दरीत गेली, हा रंग आहे, टिळ्याचा. किराणा दुकानदार एकदा तेलाची पिशवी हातात तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिला. "मॅडम, तुमी सख्खी बहीण असून असं बोलता?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यानंतर मी दुरुस्त करणं सोडलं आणि लिहून ठेवायला लागले. इतकी चांगली सामग्री मला एवढ्या वर्षांत मिळाली नव्हती. वस्तीतल्या एका माणसाला चौकात जागा द्यायची तर गावाला त्याच्या मरणाची किंमत वाढवून पाहिजे होती. नुसता मेला तर तो वस्तीचा, गोळी खाल्ली तर गावाचा. निबंधाचं शीर्षकसुद्धा माझ्या डोक्यात तयार होतं. हे सगळं माझ्या भावाबद्दल आहे हे मला कळत होतं, जसं दाताच्या डॉक्टरकडे सुई दिल्यावर आपल्या गालाला हात लावला तर तो आपलाच आहे हे कळतं.

आईला कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. सरपंच तिला आता वीरमाता म्हणायचे. टपरीवाला तिच्यासाठी खुर्ची पुढे करायचा, आणि ती त्या खुर्चीवर बसायची. गोळीबद्दल ती काही बोलायची नाही, हो नाही आणि नाहीही नाही. मला वाटायचं, वेळ आली की ती बोलेल. टिळ्याला नाही म्हणाली ती बाई गोळीला कशी हो म्हणेल?

वेळ जानेवारीत आली. गाव कसल्याशा स्पर्धेत बसलं होतं, तपासणीला समिती यायची होती, आणि पंचायतीच्या दर्शनी भिंतीवर ठरवून दिलेलं चित्र असणं भाग होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला. ग्रामसेवकाने मोबाइलवर नमुना दाखवला. कचऱ्याच्या दोन बादल्या, ओली आणि सुकी, आणि त्यांच्यामध्ये हसणारी एक बाई.

पोरं लगेच उठली. शहिदाच्या चेहऱ्यावर बादल्या काढणार का, असं म्हणत पुढे आली. तेव्हा मागून एक रिटायर कारकून उभे राहिले. त्यांचा स्वभाव असा की सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणी बोलत नसलेली गोष्ट त्यांना पोटात ठेवता येत नाही.

"कागदावर अपघात हाय," ते म्हणाले. "अपघात तं रोजच होतेत. मांगच्या साली माहा साळा मोटरसायकलवर गेला, त्याले कोणी काढलं का भिंतीवर?"

काही लोक हसले. पोरांनी कारकुनाकडे धाव घेतली, दोघा-तिघांनी अडवलं. खुर्च्या सरकल्या. सरपंच माईकवर शांत व्हा, शांत व्हा म्हणत राहिले, आणि मग त्यांना उपाय सुचला.

"वीरमाता इथीच बसून हायेत. त्याईलेच इचारू. गोळी असन तं भिंतीले कोणी हात लावणार नाई, माहा शब्द. अन् अपघात असन, तं मंग वस्तीत नवं चित्र काढून देऊ, याच्याऊन मोठं."

सगळी सभा आईकडे वळली. ती पुढच्या रांगेत खुर्चीवर होती, मी मागे बायकांमध्ये सतरंजीवर. तिथून मला तिचा पदर आणि अर्धा गाल दिसत होता. ती खरं सांगणार याची मला इतकी खात्री होती की मी पुढचा हिशेब करायला लागले. भिंत पांढरी होणार, चित्र वस्तीत जाणार, संध्याकाळी ती चौकात कशासाठी जाणार? मला तिच्या बाजूला जाऊन उभं राहायला हवं होतं, आणि मी उठलेही.

"सांगा वीरमाता," सरपंच म्हणाले. "गोळी लागली व्हती न?"

"लागली," आई म्हणाली.

"कुठी?"

"कपाळात."

टाळ्या पडल्या. कारकून खाली बसले. कोणीतरी घोषणा दिली आणि सगळ्यांनी ती उचलली. बादल्यांचं चित्र पाण्याच्या टाकीवर काढायचं ठरलं. सभा पुढच्या विषयाकडे गेली, तो नालीचा होता.

घरी येताना आई पुढे आणि मी मागे चालत होते. माझ्या डोक्यात वाक्यं जुळत होती, त्यांना मी थांबवू शकत नव्हते. की तिने खोटं स्वीकारलं कारण खऱ्याला चौकात जागा नव्हती. की ज्यांच्याकडे काही नसतं त्यांना देशाच्या गोष्टीत शिरायला स्वतःचा माणूस बदलून द्यावा लागतो. चांगली वाक्यं होती. मला आईचा थोडा राग येत होता आणि थोडा अभिमानही वाटत होता, आणि हे दोन्ही मी लिहून काढणार होते.

दुपारी आई अंगणात उन्हाला बसली. सकाळी शेतातून हरभऱ्याचे शेंडे खुडून आणले होते, घोळाण्यासाठी, म्हणजे तेल-तिखट घालून कच्चीच खायला, ती त्यातली कोवळी पानं निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. पानांच्या खारानं बोटं आंबट होतात, ती मी चाटली.

"बरं झालं," मी म्हणाले. "भिंत राह्यली."

"भिंतीचं काय," ती म्हणाली. "रंग हाय तो. आज नाई तं उद्या जाईन."

मला कळेना. "मंग खोटं काहून बोलली तू?"

तिने हातातली पानं टोपलीत टाकली आणि दुसरा शेंडा घेतला.

"तो अकोल्याचा पोरगा आलता न त्याच्यासंग, हात मोडलेला," ती म्हणाली. "तो बी गाडीत व्हता. मी त्याले इचारलं, लेका, खरं सांग. तं त्यानं सांगतलं. गाडी पडली तं सांज व्हती. वर काढाले आले तं दुसरा दिवस उजाडला व्हता. हा जित्ता व्हता. बोलत व्हता. पाणी मांगत व्हता. त्या पोराले उठता येत नव्हतं. खाली नदी व्हती म्हणे. तिचा आवाज येत व्हता."

"आपल्याले जागीच सांगतलं होतं," मी म्हणाले.

"तुले जागीच सांगतलं."

मी पानं निवडत राहिले. जाड देठ मी चांगल्या पानांत टाकत होते, आईने ते हळूच काढून बाजूला केले.

"मले का नाही सांगतलं?"

"तुले कायले सांगू? तुले तं रडताही येत नव्हतं."

शेजारी कोणीतरी रेडिओ लावला होता, सकाळच्या परेडचं वर्णन पुन्हा चाललं होतं. आईने कान देऊन ते थोडं ऐकलं. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारलं.

"गोळी लागली का लवकर जाते न जीव?"

माझ्या विषयात हे येत नाही. मी ते कुठे वाचलेलं नाही, कोणाला विचारलेलं नाही.

"हो," मी म्हणाले. "लगेच जाते."

"पाणी मांगाले बी येळ भेटत नसन."

"नाही भेटत."

आईने मान हलवली. खूप दिवस मनात घोळत असलेलं कोणा शिकलेल्या माणसाकडून पक्कं करून घ्यावं, तशी.

"मंग तेच खरं धरू आपुन," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.